वीस खणांची पत्रपेटी आणि एकविसावा खण

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना कुकर लावायचाय त्यांना जाता येईल. पेटी चांगली, कुलपं टाकाऊ, आणि ज्या खणाला दुकानदार "कशाला मॅडम, पैसे वाया" म्हणत होता तो खण सगळ्यात उपयोगी. पाचापैकी साडेतीन तारे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण कुलपांवरून त्यांच्याशी वाद चालू आहे आणि तो मला समोर बसूनच मिटवायचाय.

सोसायटी कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत. वीस फ्लॅट, निम्मे भाड्याने दिलेले. मी सेक्रेटरी. गेल्या आमसभेत चहाचं बघायला उठले आणि परत येईपर्यंत निवडून आले होते. त्याआधी सगळी नोकरी बँकेत झाली. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाचं पाकीट हातात आलं की मला अजून रजिस्टर आठवतं.

इतकी वर्षं आमच्याकडे जिन्याखाली एक लाकडी फळी होती. पोस्टमन, कुरिअरवाले सगळे तिच्यावर गठ्ठा टाकून जायचे आणि येणारा-जाणारा तो पत्त्यांच्या कॅटसारखा पिसत उभा राहायचा. त्यात आमच्याकडे कुलकर्णी दोन, आणि दोन्ही घरांत आद्याक्षरं ए. व्ही. एका कुलकर्णीबाईंच्या नावाने सोनेतारण कर्जाचं स्मरणपत्र आलं. थकलेली रक्कम भरा, नाहीतर दागिन्यांच्या लिलावाची कारवाई करू, असलं. ते दुसऱ्या कुलकर्ण्यांनी फोडलं. इथपर्यंत मी त्यांना काही म्हणणार नाही; पाकिटावर आपलं नाव असलं की माणूस फोडणारच. पण पहिल्या दोन ओळींत कळतं ना की आपण कुठे काही गहाण ठेवलेलं नाही? तिथे कागद होता तसा घडी घालून पाकिटात जायला हवा होता आणि पाकीट शेजारच्या दारात. तो कागद आधी घरात फिरला, मग समोरच्या फ्लॅटमध्ये, मग खाली बाकावर. बाईंना हे समजलं ते लिफ्टमध्ये, "काही लागलं तर नि:संकोच सांगा हं" या वाक्यातून. मुलाच्या फीसाठी काढलेलं कर्ज, घरात सासूबाईंनाही माहीत नव्हतं. नंतर बरेच दिवस त्या लिफ्ट सोडून जिन्याने येत-जात होत्या.

पुढच्या मीटिंगला कुलूपबंद पत्रपेटीचा ठराव झाला. विरोधात फक्त ते दुसरे कुलकर्णी, "एवढ्यातेवढ्यासाठी खर्च" म्हणून.

आता वस्तूबद्दल. बोहरी आळीत तयार पेट्या ढिगाने आहेत, पण त्या बंगल्याच्या फाटकावर लावायच्या, एकेकट्या. इमारतीसाठी खणांची पेटी मापं देऊन करून घ्यावी लागते. स्टेनलेस स्टीलमध्ये किंवा सीआरसी, म्हणजे साध्या लोखंडी पत्र्यात, वर पावडर कोटिंग. स्टीलचा भाव जवळपास दुप्पट सांगितला. आमच्या जिन्याखाली पाऊस येत नाही, म्हणून पत्रा घेतला. एका ओळीत तीन खण, अशा सात ओळी. भिंतीत बोल्ट मारून, जीएसटी धरून एकोणीस हजार. अख्खा पावसाळा गेला, गंज नाही. फक्त सगळ्यात खालच्या ओळीला मावशी ओला मॉप टेकवून ठेवतात, तिथे कोपऱ्यात रंग फुगलाय. तो दोष पेटीचा नाही.

पेटी बघायला जाल तेव्हा सगळे पत्र्याची जाडी दाखवतील. तुम्ही फट बघा. मी पिशवीतून एक जाडजूड दिवाळी अंक घेऊन गेले होते. दुकानातल्या नमुन्याच्या खणात तो शिरेना. पोस्टाने येणारा अंक आत जात नसेल तर पोस्टमन तो पेटीच्या डोक्यावर ठेवणार, म्हणजे पुन्हा आमची फळीच झाली. फट पस्तीस मिलिमीटर करून मागितली. कारागीर म्हणाला, एवढी ठेवली तर हात जाईल. मग त्यानेच डोकं लढवून आतल्या बाजूला खाली वळवलेली पत्र्याची झडप बसवून दिली. अंक घसरून खाली पडतो, पण वर ओढून काढता येत नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका उद्योगी पोराला मी फूटपट्टी आणि दुतर्फी चिकटपट्टी देऊन बसवलं होतं. त्याने अर्धा तास खटपट केली, पाकीट काही निघालं नाही. या कामाचे पैकीच्या पैकी गुण, आणि त्या कारागिराला मी वेगळं सांगून आले.

दारावर अॅक्रिलिकची खिडकी हवी का, असं विचारतात. बाहेरून दिसतं, पत्र आलंय की नाही ते. मी नको म्हटलं. पाकिटाच्या कोपऱ्यातला कोर्टाचा शिक्का किंवा वसुली विभागाचा पत्ता बाहेरून वाचता येत असेल, तर फोडायची गरजच काय उरली? रोज चावी लावून रिकामा खण बघावा लागतो, हा त्रास आहे, मान्य. ज्येष्ठ मंडळी त्यावरून कुरकुरतात.

कुलपांवर मात्र माझा राग आहे. ही कॅम लॉक असतात, छोटी, गोल तोंडाची, प्रत्येकाला दोन चाव्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी अंधारात अकरा नंबरऐवजी त्याच्या खालच्या चौदाला चावी लावली आणि दार अलगद उघडलं. काकांनी दार लावलं, वर आले आणि म्हणाले, "सेक्रेटरीबाई, सगळ्यांना एकच चावी दिली असतीत तर दोन रुपये वाचले असते." मी टॉर्च घेऊन खाली गेले. कुलपाच्या तोंडावर, चावीच्या भोकाच्या कडेला, तीन आकडे कोरलेले असतात, तेच चावीच्या डोक्यावर. अकराला ४०७, चौदाला ४०७, आणि वर दोन नंबरलाही ४०७. आणखी एक जोडी निघाली ती वेगळीच. दुकानदाराचं म्हणणं, "डबा येतो तशी लावतो मॅडम, नंबर कोण बघतंय." बदलून देईन, पण कुलपाचे पैसे पडतील, म्हणे. तेव्हा घेणाऱ्यांनो, चाव्या टेबलावर ओळीने मांडून आकडे वाचून मगच बसवायला सांगा.

मास्टर कीचंही सांगायला हवं. ती जादा पैशांत मिळते, एक चावी सगळ्या खणांना. चेअरमनसाहेबांना ती फार हवी होती. कुणाची चावी हरवली तर, कुणी परगावी असलं तर, आणि मग आवाज खाली आणून, "भाडेकरूंवर जरा लक्षही राहील." दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब एरवी मीटिंगमध्ये डुलक्या घेतात, ते या वाक्याला जागे झाले. म्हणाले, सरकारला टपाल अडवून बघायचा अधिकार आहे, पण त्यालासुद्धा कायद्यात कारणं लिहून द्यावी लागली आहेत: देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी वगैरे. १९८६ मध्ये हा अधिकार आणखी सैल करणारं विधेयक संसदेने मंजूर केलं होतं. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि परतही पाठवलं नाही, ते तसंच पडून राहिलं आणि २००२ मध्ये मागे घेतलं गेलं. "राष्ट्रपतींनी पंतप्रधानांना दिली नाही ती चावी मी तुम्हाला देऊ?" यावर चेअरमन गप्प. मास्टर की घेतली नाही. चावी हरवली तर फ्लॅटवाल्याच्या समोर ड्रिलने कुलूप काढायचं आणि नवं लावायचं, खर्च त्याचा.

आणि आता एकविसावा खण.

भाड्याने दिलेल्या निम्म्या फ्लॅटांत दर वर्षी-दोन वर्षांनी माणसं बदलतात. हिंजवडीला नोकरी करणारी मुलं, स्पर्धा परीक्षांवाले, एखादं नवीन लग्न झालेलं जोडपं. माणूस जातो, पत्ता मागे राहतो. कुणाचं चेकबुक येतं, कुणाचं पॅन कार्ड, कुणाचं विम्याचं पत्र. शिवाय आमच्याच नावाची एक सोसायटी कर्वेनगरला आहे. त्यांचा पिन ४११०५२, आमचा ४११०३८, आणि लोक सोसायटीचं नाव लिहितात आणि पिनच्या जागी आठवेल तो लिहितात. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्यामागचे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, पण पुण्यातली माणसं अजून पत्त्यात "अमुक दुकानाच्या मागे" लिहून सहा आकड्यांना रजा देतात. असं सगळं परकं टपाल एकविसाव्या खणात टाकायचं. फट तीच, झडप तीच, कुलूप वेगळ्या नंबरचं (हे मी तपासलं). चावी वॉचमनकाकांकडे, पोस्टमन आला की त्याच्यासमोर उघडायचं आणि गठ्ठा त्याच्या हातात द्यायचा.

ही कल्पना बँकेतली आहे. पत्त्यावर न पोचलेलं चेकबुक परत आलं की आम्ही ते रजिस्टरला चढवायचो, कुलपात ठेवायचो आणि ग्राहकाशी संपर्क करायचो. पत्ता चुकीचा आहे ही खूण पडायची. पाकीट परत आलंच नाही, तर आमच्या लेखी ते पोचलं. म्हणून "आमच्याकडे दर महिन्याला त्या जुन्या भाडेकरूची पत्रं येतात हो, आम्ही टाकून देतो" म्हणणाऱ्यांना पुढच्या महिन्यातही ती येणारच. टाकून दिल्याने ती थांबत नाहीत, परत पाठवल्याने थांबतात. पाकिटावर "या पत्त्यावर राहत नाहीत" एवढंच लिहायचं. मूळ पत्ता खोडायचा नाही, पाठवणाऱ्याचा तर नाहीच. पोस्टाचं असेल तर पोस्टमनकडे. कुरिअरचं असेल तर पाकिटावरच्या नंबरला फोन करून त्यांनाच न्यायला सांगायचं, लाल पेटीत कोंबायचं नाही.

पण फोडलं तर काय होतं? हा प्रश्न आमच्याकडे फार झाला. मोबाइलवर शोधलं की पहिली उत्तरं अमेरिकेची येतात, पाच वर्षांपर्यंत तुरुंग, आणि लोक दचकतात. ते तिकडचं. ब्रिटनमध्येही चुकून आलेलं टपाल दुसऱ्याचं नुकसान करायच्या इराद्याने, सबळ कारण नसताना उघडणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे १८९८ चा पोस्टाचा कायदा होता. दुसऱ्याला मिळायला हवं असलेलं टपाल मुद्दाम दडवलं किंवा पोस्टाने मागूनही दिलं नाही, तर दोन वर्षांपर्यंत कैद, हे त्याच्या ६८ व्या कलमात होतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्यातले गुन्हे वगळले. मग १८ जून २०२४ पासून पोस्टाचा नवा कायदा लागू झाला, आणि त्यात पाकीट फोडल्याबद्दल शिक्षा सांगणारं कलम नाही. शेजाऱ्याला नाही आणि पोस्टाच्या कर्मचाऱ्यालाही नाही. मला हे पटेना, म्हणून वकीलसाहेबांकडून दोनदा वदवून घेतलं.

याचा अर्थ रान मोकळं असा नाही, हे त्यांनी लगेच बजावलं. भारतीय न्याय संहितेचं ३१४ वं कलम आहे: दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी केली तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि दंड. त्या कलमाखाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यातलं एक चक्क पत्राचं आहे, जुन्या दंडविधानापासून चालत आलेलं. एकाला रस्त्यात पत्र सापडतं, आत नोट आहे. पत्ता आणि मजकूर यांवरून ती कुणाची हे त्याला कळतं. तरी तो ती खिशात घालतो. तो गुन्हेगार. वकीलसाहेबांनी मला हे पुस्तकातून वाचून दाखवलं आणि मी विचारलं, पण त्याने पत्र वाचलं त्याचं काय? त्याचं काही नाही. नोट परत केली असती तर तोच माणूस सज्जन ठरला असता, मजकूर वाचूनसुद्धा. वस्तू सांभाळायला किंवा मालकाला द्यायला उचलली तर तो अप्रामाणिकपणा नव्हे, हेही तिथेच लिहिलंय.

म्हणजे बघा, आमच्या दुसऱ्या कुलकर्ण्यांनी कुणाचा रुपया घेतला नाही. पाकीटसुद्धा शेवटी परत दिलं, चिकटपट्टी लावून. कायद्याच्या त्या उदाहरणात ते नीट बसतात, चांगल्या बाजूला. आणि बाई जिन्याने जातात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तो मला नोकरीत असताना वाचलेला आठवतो. पण तो निकाल घेऊन बाकावरच्या गप्पांविरुद्ध कोण कोर्टात उभं राहणार? तेवढ्या भागाला कायदा पुरत नाही, तिथे मला पत्रा, झडप आणि एकविसावा खण लागतो. पोस्टाच्या त्या जुन्या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली होती. ज्या पत्राचा धनीच सापडत नाही, ते पोस्टालाही सरसकट फोडता येत नसे. नेमून दिलेला, गुप्ततेला बांधलेला अधिकारीच ते उघडे, आणि तेही पाठवणाऱ्याचा नाव-पत्ता शोधण्यापुरतं. उघडायला परवानगी कशासाठी आणि किती, हे इतकं स्वच्छ आमच्या सोसायटीच्या उपविधीत एकाही बाबतीत नाही.

एकविसाव्या खणावर पाटी लावायची होती. पुण्यात पाटी म्हणजे कमिटीचे तीन तास. माझा मसुदा असा होता: "पत्ता आपला, नाव दुसऱ्याचे, अशी पाकिटे येथे टाकावीत. उजेडात धरून पाहू नयेत." चेअरमनना दुसरं वाक्य उद्धट वाटलं. वकीलसाहेबांनी सुचवलं, "फोडल्याने पाकीट आपले होत नाही." ते बहुमताने पास झालं आणि माझं वाक्य त्याच्याखाली बारीक अक्षरात राहिलं. दोन्ही वाचली जातात. बारीक अक्षरातलं जास्त, कारण लोक वाकून बघतात.

पेटी लागल्यावर घराघरातल्या वेगळ्याच गोष्टी वर आल्या, कारण आता प्रत्येक खणाची चावी कुणाकडे हा प्रश्न झाला. तळमजल्यावरच्या आजींना मोतीबिंदू, त्या पेन्शनचं पाकीट मला देतात आणि म्हणतात, "फोड गं, वाच." तिथे काही प्रश्न नाही, त्यांच्या तोंडून परवानगी आहे, आणि मी फक्त तेवढंच पाकीट वाचते. एका घरात वडील गेले, त्यांच्या नावाची पत्रं मुलगी उघडते. विमा, डिमॅट, बँक, सगळं निस्तरायचंय, तिने नाही उघडायचं तर कुणी? पण पाचव्या मजल्यावर दोन चाव्या सासू-सासऱ्यांकडे आहेत आणि सून माझ्याकडे तिसरी करून मागायला आली. तिची पाकिटं तिच्या हातात येईपर्यंत कडेने कापलेली असतात, "आम्हाला वाटलं लाइट बिल आहे" या कारणाने. लाइट बिलावर महावितरणचं नाव केवढं मोठं असतं, ते मला माहितीय. मी तिसरी चावी करून दिली. खण फ्लॅटचा, पाकीट ज्याच्या नावाचं त्याचं, असं मी त्या काकूंना सांगितलं, त्यानंतर त्या माझ्याशी हळदीकुंकवापुरतंच बोलतात.

कुणी म्हणेल, पूर्वी वाड्यात पोस्टकार्ड अख्खा वाडा वाचायचा, तेव्हा कुणाचं काय बिघडलं? कार्ड उघडंच असायचं, लिहिणाऱ्यालाही ते माहीत असायचं, आणि तो त्या हिशेबानेच लिहायचा. कोपरा फाडलेलं, कुणी गेल्याची बातमी आणणारं कार्ड आलं की पोस्टमनच्या चेहऱ्यावरूनच घरात कळायचं. ज्याला झाकून लिहायचं होतं तो बंद पाकिटाचे जास्त पैसे मोजत होता. ते जास्तीचे पैसे कशाचे होते, तेवढं बघा.

ही पेटी काय करू शकत नाही तेही सांगते. सहीने घ्यायचं टपाल तिच्यात येत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवलं गेलं. पूर्वी रजिस्टर ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात जायचं, स्पीड पोस्ट मात्र त्या पत्त्यावरचं कुणीही सही करून घेऊ शकत होतं. आता "त्याच माणसाला द्या" हवं असेल तर पाठवणाऱ्याने स्पीड पोस्टवर रजिस्ट्रेशनची जादा सेवा मागायची, पाच रुपये अधिक जीएसटी. ओटीपी सांगितल्यावरच डिलिव्हरी, हीदेखील तेवढ्याच पैशांत. पुण्यात मुलांना, भाडेकरूला, घटस्फोट चालू असलेल्या मैत्रिणीला काही महत्त्वाचं पाठवत असाल तर काउंटरवर हे तोंडाने मागा, आपणहून कुणी विचारत नाही. आमच्याकडे तर वॉचमनकाका मागच्या महिन्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या स्वतःच ठोकत होते. त्यांना ते बंद करायला सांगितलंय, आणि पोस्टमनला दिवाळीची पोस्त देताना तेच पुन्हा त्याच्याही कानावर घातलं.